‘त्याले सांगजो, मी बरी शे’

“पाळकीणबाई, घरचं तुम्ही बघता, मंडळीचं बघता, वर हे ब्लॉगचं काय काढलंय?” जळगावच्या आमच्या चर्चमधल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, “प्रभूच्या गौरवासाठी.” आमच्यात हे उत्तर दिलं की पुढे कोणी काही विचारत नाही. पण ते उत्तर पुरतं खरं नव्हतं. या अंकाच्या संपादकांनीही तोच प्रश्न विचारला आणि “बाहेरच्या वाचकांना कळेल असं लिहा” म्हणाले, तेव्हा ठरवलं की आता एकदाचं खरं काय ते लिहून टाकावं. त्यात माझी एक चूक आहे. ती झाकून हे उत्तर लिहिता येत नाही.

आधी माझं काम सांगते. माझे यजमान पाळक आहेत, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी हे त्यांच्याकडे. गृहभेटी माझ्याकडे. म्हातारपणामुळे किंवा दुखण्यामुळे ज्यांना चर्चला येता येत नाही, त्यांच्या घरी जायचं, शास्त्रातला एखादा भाग वाचायचा, प्रार्थना करायची आणि बोलायचं. खानदेशात आम्ही ख्रिस्ती लोक मूठभर. मिशनचे दवाखाने, शाळा, वसतिगृहं भरात होती त्या काळात तिथे नर्स, मास्तर, कंपाउंडर म्हणून राबलेली ही माणसं. त्यांनी मुलांना शिकवलं. शिकलेली मुलं पुण्याला, मुंबईला, आखातात गेली. घरात राहिले आईबाप आणि भिंतीवर मुलांचे काळ्या झग्यातले, हातात पदवीची गुंडाळी घेतलेले फोटो.

या कामाचं शिक्षण कुठे मिळत नाही, चुकत चुकत येतं. खाटेवर बसायचं नाही, खुर्ची ओढून घ्यायची, कारण त्या माणसाला आता तेवढी एकच जागा स्वतःची उरलेली असते. चहाला नाही म्हणायचं नाही, दिवसातलं पाचवं घर असलं तरी. औषधाच्या बाटल्यांकडे बघायचं, पण बघितलंय हे दिसू द्यायचं नाही. ‘मुलगा कधी येणार?’ हे तर कधीच विचारायचं नाही. आणि प्रार्थना आटोपशीर करायची. सुरुवातीला मी लांबलचक प्रार्थना करायची, दुनियेतल्या सगळ्या दुःखितांची नावं घेत. एकदा धुळ्यातले एक नाना डोळे मिटलेले असतानाच म्हणाले, “बाई, देवले बठ्ठं माहीत शे. थोडक्यात सांगा, माले मोरीत जानं शे.” तेव्हापासून मी दोन मिनिटांच्या पुढे गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. पाळकाच्या बायकोला मंडळीत मैत्रीण करता येत नाही. एकीच्या घरी जास्त वेळ बसलं की दुसरी रुसते. मनातलं एकीला सांगितलं की रविवारपर्यंत ते चौघींना कळलेलं असतं. शिवाय दर चार-सहा वर्षांनी बदली. मी दिवसाला पाच घरी जाऊन पाच जणांचं ऐकत होते, आणि माझं ऐकणारं कुणी आहे का, हा प्रश्नच मला पडत नव्हता. कामात असं होतं.

ब्लॉग सुरू झाला तो आम्ही धुळ्याला असताना. परगावच्या मुलांचे फोन यायचे. “ताई, जरा बाबांकडे डोकावाल का?” “ताई, आई फोन उचलत नाहीये.” मी जाऊन यायची आणि संध्याकाळी एकेकाला फोन करून सांगायची. आमची एकुलती एक रिबेका तेव्हा बारावीला होती. ती एकदा पुस्तकातून मान न काढता म्हणाली, “आई, रोज संध्याकाळ तू यांच्यातच घालवतेस. एकदा लिहून टाक ना, ज्यांना हवं ते वाचतील.” तिनेच चर्चच्या जुन्या लॅपटॉपवर ब्लॉग उघडून दिला. त्याला नाव मी दिलं, ‘भेटीला गेले होते’. तिच्या त्या वाक्यात एक कुरकुर होती. ती मला ऐकू आली नाही. मला फक्त कल्पना आवडली.

दर बुधवारी मी लिहू लागले. कुणाचं नाव घालायचं नाही, आणि ज्याच्याविषयी लिहायचं त्याला आधी विचारायचं, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. विचारलं तर बहुतेक सगळे खूश. एका मास्तरांनी तर आदल्या दिवशी दाढी करून ठेवली. मी म्हटलं, “मास्तर, मी फोटो काढत नाही, लिहिते.” ते म्हणाले, “तरी पण.”

ज्यांच्यामुळे मी आज हे लिहिते आहे त्या होत्या धुळ्याच्या देवपूर भागातल्या सरोजअक्का. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी सारी हयात नर्स म्हणून काढली होती. अर्ध्या धुळ्याची बाळंतपणं आपल्या हातून झाली असं त्या सांगायच्या आणि ते फारसं खोटं नव्हतं. रिक्षातून त्यांना कुठे न्यावं तर रिक्षावाला मागे वळून म्हणायचा, “अक्का, माझी आई म्हणते मी तुमच्या हातावर झालो.” त्यावर अक्का लगेच, “मग नीट चालव की रे.” नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, प्रशांत. तो इंजिनियर होऊन दोह्याला, बायको आणि दोन मुलं तिकडेच. अक्का त्याला परशा म्हणायच्या.

आमच्याशी त्या शुद्ध बोलायच्या, दवाखान्यातल्या शिस्तीचं. दमल्या किंवा मनातलं बोलायला लागल्या की आपोआप गावाकडचं अहिराणी यायचं.

प्रशांत ब्लॉगचा पहिल्या दिवसापासूनचा वाचक. त्याचा मेल दर गुरुवारी यायचा. “ताई, आई डोळ्यासमोर उभी राहिली.” मी तो मेल अक्कांना वाचून दाखवायची. त्या चष्मा काढून पदराने पुसायच्या, मग विचारायच्या, “या बुधवारी काय लिहिणार?”

सुरुवातीला लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पेरूवर पोपट आले की अक्का काठीने पत्रा वाजवून त्यांना हाकलायच्या. शेजारच्या सुनेला दिवस गेलेत हे तिच्या चालण्यावरून तिच्या सासूच्या आधी ओळखायच्या. मग त्यांचे पाय सुजायला लागले. मी वहीत टिपलेलं बघून त्या म्हणाल्या, “पायाचं लिहू नकोस.”

“अक्का, त्याला कळायला नको का?”

“तिथे त्याची नोकरी आहे, पोरांच्या शाळा आहेत. उगाच घोर कशाला त्याच्या जिवाला?” आणि मग आवाज खाली आणून, “त्याले सांगजो, मी बरी शे.”

मी पायाचं लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी त्या मोरीत पडल्या आणि खाटेला खिळल्या. दिवसभरासाठी मंगलाबाई म्हणून एक बाई ठेवली होती. पडल्याचं प्रशांतला कळलं, फोनवर तो रडला, म्हणाला येतो. अक्काच त्याला म्हणाल्या, “हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, येऊ नकोस.” तो आला नाही. त्या बुधवारी मी लिहिलं की अक्का खाटेवरून घर चालवतात, आणि मंगलाबाईंना चादर घालायला शिकवताना गादीच्या कोपऱ्यात ती कशी दुमडायची हे एका हाताने दाखवतात. हे खरंच होतं. मी काही खोटं लिहिलं नव्हतं. फक्त पाठीला जखम झाली होती ते लिहिलं नाही. खोलीत येणारा वास लिहिला नाही. दिवेलागणीला दूधवाल्याने कडी वाजवली की अक्का मान उचलून विचारायच्या, “परशा उना का?”, परशा आला का. तेही लिहिलं नाही.

तोपर्यंत मला लिहायचं कसब आलं होतं. कुठलं वाक्य शेवटी ठेवलं की वाचणाऱ्याचा गळा दाटतो, हे कळू लागलं होतं. ब्लॉग आता आमच्या मंडळीबाहेरही वाचला जात होता. दुसऱ्या गावांतल्या पाळकांच्या बायका लिहायच्या, “ताई, तुमच्यामुळे आमच्या कामाला वाचा फुटली.” चादरीचा तो लेख तर सगळ्यात जास्त वाचला गेला. कुणी कुणी तो आपल्या आईला मोठ्याने वाचून दाखवल्याचं कळवलं. मी घरी पोळ्या लाटताना ती पत्रं आठवून हसत असे. रिबेका तेव्हा पुण्याला कॉलेजात होती, यजमान सारखे बाहेरगावी, आणि मला ओळखणारी माणसं आता त्या लॅपटॉपमध्ये राहत होती.

नाताळच्या आधीची एक भेट मला पक्की आठवते. अक्का खूप खंगल्या होत्या. मी स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. त्यांनी माझं मनगट धरलं, नर्स नाडी बघते तसं, आणि म्हणाल्या, “तू लिखस ते परशाले आवडस ना?”

“फार आवडतं अक्का.”

“मंग चांगलं लिख.”

मी विचारलं, “अक्का, या वेळी लिहू का त्याने यावं म्हणून?”

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “तुले काय लिखनं ते लिख.”

इतकी वर्षं त्या मला काय लिहायचं ते सांगत आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मी घरी आले आणि चांगलं लिहिलं. अक्कांच्या खोलीत नाताळचा तारा कसा लावला, मंगलाबाई हिंदू असूनही ‘माझ्या अक्काचा सण’ म्हणून रांगोळी काढायला कशा बसल्या, असं. गुरुवारी प्रशांतचा मेल आला. “ताई, या नाताळला निघायचं चाललं होतं. पण मुलांच्या परीक्षा आहेत, आणि तुमचं वाचून आई आनंदात आहे हे कळलं. आता ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, सगळेच येतो, म्हणजे निवांत राहता येईल.”

मी तो मेल अक्कांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “बरं.”

जानेवारीत अक्का गेल्या. सकाळी मंगलाबाईंचा फोन आला, मी पोहोचले तेव्हा संपलं होतं. प्रशांत दुसऱ्या दिवशी दुपारी आला, विमानतळावरून थेट गाडी करून. त्याच्यासाठी अंत्यविधी थांबवला होता. यजमानांनी विधी केला. निम्मं देवपूर आलं होतं, त्यात ते रिक्षावालेही. कबरीत मूठमूठ माती टाकून लोक पांगले.

संध्याकाळी मी त्याच्यासाठी डबा घेऊन गेले. तो ओसरीवर बसला होता. चाळिशीचा माणूस, पण बसला होता शाळेतून घरी आलेल्या मुलासारखा, बूटसुद्धा न काढता. मी डबा ठेवला. तो म्हणाला, “ताई, बसा.” मग त्याने फोन काढून मला दाखवला. माझा ब्लॉग उघडलेला होता.

“हे मी दर आठवड्याला पोरांना वाचून दाखवायचो,” तो म्हणाला. “आजी काय करते, पोपट कसे हाकलते. वाचून झालं की मला वाटायचं, मी जाऊन आलो.”

मी डबा उगाच त्याच्याकडे सरकवला.

“खरंच ताई. दर बुधवारी आईला भेटून यायचो मी.”

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो माझे आभारच मानत असल्यासारखा सांगत होता. मग त्याने विचारलं, “मंगलाबाई जखमेचं काहीतरी म्हणत होत्या. कसली जखम?”

मी त्याला सगळं सांगितलं. पाय, पाठ, वास. खाणं कधीपासून तुटलं ते. दूधवाल्याचंही सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होते, कारण अशा वेळी समोरच्याकडे बघावं हे मला वीस वर्षांच्या कामाने शिकवलेलं असूनही जमलं नाही.

“माझं नाव घ्यायची?”

“रोज.”

“तुम्ही लिहिलं असतं तर मी आलो असतो, ताई.”

एवढं बोलून तो आत गेला आणि अक्कांच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. अंधार पडायला लागला तेव्हा मंगलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “बाई, तुम्ही जा घरी. मी आहे.”

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. ते समजूत घालायच्या सुरात म्हणाले, “अक्कांनीच लिहू नको म्हटलं होतं. तू त्यांचं ऐकलंस.”

“शेवटच्या खेपेला त्या तसं म्हणाल्या नव्हत्या,” मी म्हणाले. “शेवटच्या खेपेला मी माझं ऐकलं.”

मी ब्लॉग थांबवला. काही न सांगता. पत्रं येत राहिली, मग कमी झाली. त्याच उन्हाळ्यात आमची जळगावला बदली झाली. नवी मंडळी, नवी घरं, आणि बरोबर भुसावळ-वरणगावकडची चार-पाच कुटुंबंही माझ्याकडे आली. यजमानांकडे तीन गावं होती, आठवड्यातले चार दिवस ते बाहेर. रिबेकाला बंगळुरूला नोकरी लागली होती. तिचा फोन रविवारी उपासनेनंतर यायचा. जेवलीस का? जेवले. बरी आहेस ना? बरी आहे. पप्पा? गावाला गेलेत. बरं, ठेवते. पाच मिनिटं, फार तर सात. मी भेटीला जायची, यायची, कुलूप काढायची. धुळ्यात निदान मला परतायला उशीर झाला की शेजारीण खिडकीतून हाक मारायची. जळगावच्या त्या घराला समोर फक्त चर्चची भिंत होती.

देवापुढे तरी बोलावं. पण मी प्रार्थनेला बसले की सवयीने दुसऱ्यांची नावं घ्यायची आणि उठायची. एकदा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी स्वतःविषयी एक अक्षर त्याच्याशी बोललेली नाही. नानांनी सांगितलं होतं की देवाला सगळं माहीत आहे. असेलही. पण मी सांगितलं नव्हतं.

मग एका मंगळवारी रिबेकाचा फोन आला. मंगळवारी कधी येत नसे, म्हणून मी घाबरले.

“काय झालं गं?”

“काही नाही. आई, तू ब्लॉग का बंद केलास?”

“वेळ होत नाही.”

“खोटं. दोन वर्षं झाली. मला तुझं काहीच कळत नाही आता.”

मला हसू आलं आणि थोडा रागही. मी म्हटलं, “मग फोन करत जा की जास्त.”

“फोनवर तू काही सांगतेस का?” ती म्हणाली. “ ‘बरी आहे, जेवले, पप्पा गावाला.’ एवढंच. लहानपणीसुद्धा तू घरी यायचीस ती दमून. बाहेर सगळ्यांशी बोलून तुझं बोलणं संपलेलं असायचं. मला ब्लॉग वाचून पहिल्यांदा कळलं की माझी आई इतकी बोलते, हसते, लोकांची गंमत करते. मला ती आवडायची आई. ती पण गेली.”

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते. मला अक्का आठवल्या नाहीत, प्रशांत आठवला नाही, ते सगळं नंतर. त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं की माझी मुलगी अनेक वर्षं, घरात राहून, माझ्या भेटीची वाट बघत होती, आणि ते घर माझ्या यादीत नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “रडतेस का?”

“नाही,” मी म्हणाले. ते मात्र खोटं होतं.

त्यानंतर लगेच सगळं बदललं असं नाही. पण वरणगावला एक प्रसंग झाला. तिथे कारखान्यातून निवृत्त झालेले एक आबा एकटे राहायचे. मुलगी शीतल नागपूरला. आबा गॅस चालू ठेवून विसरू लागले होते. एकदा मी गेले तर पातेलं जळून काळं झालेलं, घरभर धूर, आणि आबा अंगणात शांतपणे पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आबा म्हणाले, “शीतलला सांगू नका. ती मला इथून नेईल.”

हे सगळं मी ओळखत होते. पण या वेळी म्हणाले, “आबा, मी सांगणार. तुमच्या पाठीमागे नाही सांगत, तुमच्यासमोर सांगते.” आणि तिथेच फोन लावला. शीतल तिसऱ्या दिवशी आली आणि पंधरवड्यात घर आवरून आबांना घेऊन गेली. निरोप द्यायला मी गेले तर आबांनी मान फिरवली. म्हणाले, “बाई, तुमच्या प्रार्थनेची मला गरज नाही.” शीतलचा अधूनमधून निरोप येतो. आबा सुखरूप आहेत, गॅलरीत बसतात, फारसं बोलत नाहीत. मी केलं ते बरोबर केलं का, मला सांगता येत नाही. लिहिलं नाही म्हणून एक घर गेलं, सांगितलं म्हणून दुसरं गेलं. या कामात हिशेब जुळत नाही, एवढंच मला आता कळतं.

पण त्या दिवशी वरणगावहून बसने परत येताना, केळीने भरलेले ट्रक एकामागून एक पुढे जात होते आणि मला कुणाला तरी हे सांगायचं होतं. यजमान पारोळ्याला. रिबेका ऑफिसात. मंडळीत सांगण्यासारखं कुणी नाही. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि दोन वर्षांनी लिहिलं. या वेळी आबांविषयी नाही. आबांचं जे सांगायचं होतं ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं होतं. मी माझ्याविषयी लिहिलं. एका माणसाने आज माझी प्रार्थना नाकारली आणि मला त्याचं वाईट वाटतंय, आणि घरी हे सांगायला कुणी नाही, एवढंच. शेवटचं वाक्य सुंदर करायचा मोह झाला, तो खोडला.

तेव्हापासून ही माझी रीत झाली आहे. भेटीला गेलेल्या घरचं कटू असेल ते मुलांना फोनवर, स्पष्ट, आणि त्या घरच्या माणसाला सांगून. ब्लॉगवर माझं. माझा थकवा, माझी चिडचिड, कधी कधी माझा देवाशी अबोला. वाचणारे कमी झाले आहेत. पूर्वीचे काही म्हणतात, “ताई, तुमचं पूर्वीचं किती प्रसन्न असायचं.” मंडळीत कुजबुज झाली की पाळकीणबाईंचा विश्वास कमी पडतोय का. एका वडीलधाऱ्यांनी यजमानांकडे तक्रारही नेली. यजमानांनी त्या रात्रीपर्यंत ब्लॉग कधी वाचला नव्हता. वाचून झाल्यावर मला म्हणाले, “एवढं एकटं वाटतं तुला? मला बोलली नाहीस.”

मी म्हटलं, “तुम्ही घरी असता कधी?”

हल्ली पारोळ्याहून निघताना फोन करतात, निघालो म्हणून. पूर्वी करत नसत.

तर ब्लॉग का लिहिते? दुसऱ्यांना धीर देण्यासाठी लिहिते असं मी फार दिवस समजत होते. आता मला वाटतं, मी लिहिते कारण तोंडाने मला खरं बोलता येत नाही. वयाची पन्नाशी ओलांडली, दुसऱ्याच्या दुखण्याला शब्द देण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःचं सांगायला गेलं की जिभेवर ‘बरी आहे’ हे दोनच शब्द येतात. लिहिताना तेवढे दोन शब्द टाळता येतात. आणि एक वाचक आहे, जिच्यासाठी ते टाळायलाच हवेत.

गेल्या आठवड्यात मी असंच काहीतरी लिहिलं होतं. यजमान बाहेरगावी असले की मी ताट वाढून घेत नाही, कळण्याची भाकरी आणि ठेचा हातात घेऊन ओट्याशी उभी राहूनच खाते, असं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला रिबेकाचा फोन.

“आई, जेवलीस?”

“खाईन आता.”

“ताट घे. घेतलंस? पाट किंवा खुर्ची काय असेल ते घे आणि बस. फोन स्पीकरवर ठेव. मी पण जेवायला बसतेय.”

मी ताट वाढून घेतलं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तिच्या बाजूने चमचा ताटलीला लागल्याचा आवाज येत होता, मधूनच रस्त्यावरचा हॉर्न. अर्धी भाकरी संपली तेव्हा तिने विचारलं, “आज कोणाकडे गेली होतीस?”

“कोणाकडे नाही,” मी म्हणाले. “आज गुडघा दुखतोय.”

“खूप?”

“हो,” मी म्हणाले. “खूप दुखतोय.”